फौजदाराची मिशी

४ जानेवारी

चि. भिंगरी हिला आजोबांचा आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं पत्र आलं. यायला इतका वेळ लागला की मधल्या काळात मी तुला दोनदा हॉस्पिटलात आणि एकदा पोलीस चौकीत पाहून आलो. मनातल्या मनात, पण त्रास तेवढाच होतो.

तू लिहितेस की प्रयोगशाळेत तुझं काम क्ष-किरणांचं आहे. हे वाचल्यापासून मी दुपारची झोप सोडली आहे. मी लिफ्ट चालवायचो त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर छातीचे फोटो काढणारा होता. रोज त्याला वर नेऊन सोडायचो. फोटो काढायची वेळ आली की तो स्वतः दाराआड पळायचा. ज्याचं रोजचं काम तोच पळतो, म्हणजे बघ. तूही पळतेस ना? शिशाचा जाड एप्रन देत नसतील तर मागून घे. लाजू नकोस.

दुसरं, तू नेमकं काय करतेस हे मला शेजारच्या शिलाईवाल्या बाईंना सांगता आलं नाही. मी म्हटलं, माझी नात डोळ्याच्या भिंगातल्या प्रथिनांचे फोटो काढते. त्या म्हणाल्या, "मग पासपोर्टचे कोण काढतं?" त्यांची जीभ सुईपेक्षा टोकदार, हे तुला ठाऊक आहे. त्यांची बोलती बंद होईल एवढं मला समजावून सांग. मी सातवीत शाळा सोडली हे लक्षात ठेवून सांग.

याच बाईंनी मला गेल्या आठवड्यात ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. कारण काहीच नव्हतं. चहा ओतताना थोडा कपाबाहेर गेला, कारण नवे कप अरुंद आहेत. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पूर्ण पिकलाय, काढून टाकू. जसा काही भोपळाच. मी सरळ सांगितलं, माझी नात याच गोष्टीवर संशोधन करते आहे, ती औषध शोधेपर्यंत मी थांबतो. ते म्हणाले, "थांबा की. फक्त तोवर रस्ता ओलांडू नका." उद्धट आहेत. पण तू जरा घाई कर. थेंब असतील तर उत्तम, गोळी असली तरी चालेल. कडू नको.

फौजदार मजेत आहे. बोका असून त्याला जेवढा मान मिळतो तेवढा मला नोकरीत कधी मिळाला नाही.

गॅस बंद केलास का ते दोनदा बघत जा.

तुझा आजोबा

ता. क. अक्षर मोठं आलं आहे, कारण पेन जाड आहे.


१९ जानेवारी

प्रिय आजोबा,

नमस्कार. आधी दुपारची झोप परत सुरू करा. आमचं यंत्र जाड काचेच्या कपाटात असतं. कपाटाचं दार नीट लागल्याशिवाय क्ष-किरण सुरूच होत नाहीत. तुमची लिफ्ट कशी, जाळीचं दार पूर्ण ओढल्याशिवाय हलायची नाही, तसंच. त्यामुळे मला पळावं लागत नाही.

आता शेजारच्या मावशींसाठी उत्तर. डोळ्यातलं भिंग म्हणजे पाण्यात ठासून भरलेली प्रथिनं. इतकी दाटी, तरी आरपार दिसतं, कारण प्रत्येक जण आपापल्या जागी शहाण्यासारखा उभा असतो. ती एकमेकांना चिकटली की गुठळ्या होतात आणि प्रकाश वाटेतच अडखळतो. तोच मोतीबिंदू. कच्च्या अंड्याचा बलक सोडून उरलेला भाग आरपार असतो आणि उकडला की पांढराफट्ट होतो, तसं काहीसं. काही घरांत तर लहान मुलांनाच मोतीबिंदू होतो, कारण त्यांच्या एका प्रथिनात जन्मापासून बारीकसा बदल असतो. त्या बदललेल्या प्रथिनाचा आकार कसा आहे, हे मी शोधते.

ते इतकं बारीक आहे की कुठल्याही भिंगातून तसा आकार दिसत नाही. म्हणून त्याचा स्फटिक करायचा. साखरेचा खडा असतो तसा, पण मोहरीहूनही लहान. स्फटिकात कोट्यवधी प्रथिनं रांगेत, एकाच तऱ्हेनं उभी राहतात. त्यावर क्ष-किरण सोडले की पलीकडे ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि त्या ठिपक्यांवरून हिशेब करत आकार काढायचा. मावशींना म्हणावं, न पाहिलेल्या माणसाच्या नुसत्या सावल्यांवरून त्याचा सदरा बेतायचा. बघा गप्प बसतात का.

एक गंमत सांगते. शरीरातलं बाकी बरंच काही झिजतं आणि नवं होतं. पण भिंगाच्या मधोमध असलेली प्रथिनं कधीच बदलली जात नाहीत. तुमच्या डोळ्यातली प्रथिनं तुम्ही तुमच्या आईच्या पोटात असताना तयार झाली, तीच आजही आहेत.

पण आजोबा, औषध मी शोधत नाही. मी फक्त आकार शोधते. त्यावरून पुढे कुणीतरी, कधीतरी औषध करेल. थेंबांची वाट पाहू नका. ऑपरेशन करून घ्या. सकाळी जायचं, दुपारी घरी.

आणि एक काम आहे, फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "बरं आहे, ठेव आता" याच्यापलीकडे जात नाही. माझे स्फटिक नीट येत नाहीत. येतात ते साळिंदरासारखे काटेरी गोळे, त्यांचा उपयोग शून्य. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणतात, असा गोळा केसानं हळूच घासायचा आणि तोच केस नव्या थेंबातून ओढायचा. डोळ्यांना न दिसणारे कण थेंबात राहतात, त्यांच्यावर चांगले स्फटिक वाढतात. आणि या कामाला मांजराच्या मिशीच्या केसासारखं दुसरं हत्यार नाही. टोकाला निमुळता, ताठ, तरी लवचीक. मॅडमना मांजर जवळ आलं की शिंका सुरू होतात, आणि आम्ही बाकीचे भाड्याच्या खोल्यांत, तिथे मांजर पाळू देत नाहीत. एप्रिलच्या शेवटी, आमच्याहून कितीतरी प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर आमची पाळी आहे, त्याआधी स्फटिक हवेत. फौजदाराच्या मिशीचा केस मिळेल? गळलेलाच हं. उपटायला जाऊ नका. तो चावेल आणि बरोबर करेल.

तुमची भिंगरी


६ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिला अनेक आशीर्वाद.

सदऱ्याचं ऐकून बाई खरंच गप्प बसल्या. नंतर म्हणाल्या, "सावल्यांवरून बेतला तर काखेत फिट होईल." पण तोपर्यंत मी दार लावून घेतलं होतं.

तुझं काम वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. एवढ्या मोठ्या संशोधनात आपल्या घरातली वस्तू लागते म्हणजे काय! फौजदाराला लगेच सांगितलं. तो मागचा पाय चाटत होता, त्यानं पाय बदलला. मग त्याच्या मागेमागे फिरलो. हा कंजूष बोका. जन्मात त्यानं घेतल्याशिवाय काही केलेलं नाही, द्यायचं म्हटलं की अंग आखडतं. शेवटी मी गुडघे टेकून सोफ्याखाली, कपाटामागे, त्याच्या चादरीवर हात फिरवून शोध घेतला आणि केस जमवले. लिफाफ्यात घातले आहेत. एक जरा जाड आहे, तो बहुतेक दाढेजवळचा असावा. स्वच्छ धुतले आहेत. उकळायचे राहिले. उकळायला हवे होते का? त्यामुळे स्फटिक बिघडले तर मला रात्रभर झोप लागायची नाही, तेव्हा लगेच कळव.

ऑपरेशनचं म्हणशील तर तूच घोळ करून ठेवलास. ती आईच्या पोटातली गोष्ट लिहायला नको होतीस. आई गेली तेव्हा मी तिचा पदर धरून चालण्याएवढा होतो. तिचा फोटो नाही, तिच्या हातचं भांडं नाही, मला तिचा चेहरासुद्धा आठवत नाही. आणि तू सांगतेस की तिनं भरून दिलेलं काहीतरी अजून माझ्या डोळ्यात आहे, जसंच्या तसं. आणि पुढच्याच ओळीत म्हणतेस, काढून टाका. असं कसं टाकता येईल ग?

शिवाय माझ्या ओळखीच्या वॉचमनचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा त्याचं डोकं दोन वाळूच्या पिशव्यांमध्ये दाबून ठेवलं होतं. हलायची बंदी. शिंक आली तर काय करायचं?

बाईंनी मला न विचारता ४ मार्चची तारीख घेऊन ठेवली आहे. बघू.

तुझा आजोबा


२० फेब्रुवारी

प्रिय आजोबा,

मिशा पोचल्या! एकदम झकास आहेत. मॅडमनी नाकाला रुमाल लावून पाहिल्या आणि तुमच्या चिकाटीचं कौतुक केलं. उकळायची गरज नव्हती, निश्चिंत झोपा.

वाळूच्या पिशव्या फार जुन्या काळात होत्या. आता शिंकलात तर डॉक्टर "जरा थांबा" म्हणतील आणि नंतर पुढे चालू करतील.

आईबद्दल लिहिलंत, त्याला मला लगेच उत्तर सुचलं नाही. सुचलं की लिहीन. पण ४ मार्चची तारीख मोडू नका. एवढं ऐकाच.

तुमची भिंगरी


२० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

हे पत्र आजोबांना दाखवू नका. त्यांनी मला मांजराच्या मिशा म्हणून एक लिफाफा पाठवला. त्यात दोन काड्या झाडूच्या आहेत. एक तंतू कपडे घासायच्या ब्रशचा आहे, आणि मावशी, तो निळा आहे. एक तुमच्या मशीनवरचा लाल दोरा. आणि एक पांढरा, वळलेला केस, तो बहुधा त्यांच्याच भुवईचा. मांजराचा एकही नाही.

त्यांना इतकं कमी दिसतं? मला तर लिहितात, कप अरुंद आहे आणि पेन जाड आहे. मी त्यांना खोटंच कळवलं आहे की मिशा छान आहेत. ते गुडघे टेकून सोफ्याखाली शोधत होते हे वाचल्यावर खरं लिहायला हात होईना. ४ तारखेला तुम्ही त्यांना घेऊन जालच ना?

तुमची,
भिंगरी


१ मार्च

चि. भिंगरी हिला आनंदाचे आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घालून काल मुद्दाम डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, वाचा. त्यांनी वाचलं. मी म्हटलं, "जो माणूस फरशीवर पडलेला मिशीचा केस शोधून काढतो, ज्याच्या केसांना संशोधक मंडळी झकास म्हणतात, त्याला कसला आलाय मोतीबिंदू?" ते म्हणाले, "मग भिंतीवरचा तक्ता वाचा." मी म्हटलं, "तक्त्याला मिशा नाहीत."

तारीख रद्द करून आलो. त्यांच्या हाताखालच्या मुलीनं दोनदा विचारलं, नक्की ना? म्हटलं, नक्की. शिलाईवाल्या बाईंना हे कळल्यापासून त्या मशीन इतकं जोरात चालवताहेत की भिंत हादरते.

तू माझी मोठी काळजी मिटवलीस. मला खरंच वाटायला लागलं होतं की डोळे गेले. तुझी पाळी येईल तेव्हा अंगात गरम कपडे घाल, मोठ्या यंत्राच्या खोल्या थंड असतात.

तुझा आजोबा


३ मार्च

भिंगरी,

तुझ्या गोड पत्राचा परिणाम कळवते. तारीख रद्द झाली.

काल माझी पांढरी पिशवी त्यांच्या दाराशी ठेवली होती. तुझे आजोबा तिच्यापुढे बशी ठेवून म्हणत होते, "पी रे, रुसलास का?" मी हसले नाही, एवढं माझं कौतुक कर. परवा रस्त्यात ते सायकलवाल्याच्या पुढ्यात गेले. तो बिचारा पडला, हे उभे. वर त्यालाच म्हणाले, "बघून चालवत जा." उद्या सायकलच्या जागी मोटार असेल.

तुला त्यांचं मन मोडवेना. हाड मोडलं तर चालेल का? खोटं तू लिहिलंस, खरंही तूच लिही. माझं ते ऐकत नाहीत, कारण मी रोज दिसते. म्हणजे आता मीही दिसत नाहीच म्हणा.

मावशी

ता. क. निळ्या ब्रशचा तंतू परत पाठव. ब्रश माझा आहे.


१० मार्च

प्रिय आजोबा,

मी तुमच्याशी खोटं बोलले. लिफाफ्यात फौजदाराचा एकही केस नव्हता. दोन झाडूच्या काड्या, एक लाल दोरा, एक निळा ब्रशचा तंतू. सोबत परत पाठवते आहे, मावशींना ब्रशचा हवा आहे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी झकास लिहिलं, आणि त्या एका शब्दावर तुम्ही तारीख मोडलीत. सगळी चूक माझी आहे.

लिफाफ्यात एक केस खरा होता. पांढरा, वळलेला, तुमच्या भुवईचा. तो मी ठेवून घेतला आणि वापरूनही पाहिला. थेंबात बुडवल्याबरोबर वाकला. तुमच्या भुवया प्रेमळ आहेत, पण ताठ नाहीत. स्फटिक अजून आलेले नाहीत. साळिंदरंच येत आहेत.

आता तुमच्या आईबद्दल. इतके दिवस विचार करत होते, काल प्रयोगशाळेच्या इमारतीत लिफ्टमधून वर जाताना सुचलं. आजोबा, त्या प्रथिनांना तुमच्या आईनं एकच काम दिलं होतं, प्रकाश आत जाऊ द्यायचा. सत्तर वर्षांच्या वर त्यांनी ते केलं. बदली माणूस आला नाही, सुटी नाही, आजारपणाची रजा नाही. तुम्ही नोकरीत असताना जेवायच्या सुटीत तरी लिफ्ट बंद ठेवायचात. त्यांना तेवढंही मिळालं नाही. आता ती थकली आहेत, वाट अडवून उभी आहेत, कारण त्यांना कुणी घरी जा म्हटलेलं नाही. तुम्हाला भिंतीवरचं घड्याळ देऊन निवृत्त केलं. त्यांनाही करा ना. टाकून देऊ नका, निवृत्त करा.

रागावलात तरी उत्तर लिहा.

तुमची भिंगरी


१८ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद अर्धाच देतो आहे. राग आला आहे.

तुझं पत्र बाईंकडून वाचून घेतलं. आधीची खिडकीत धरून कशीबशी वाचली होती, हे मला वाचता येईना. हे मी पहिल्यांदाच कबूल करतो आहे, यापुढे चारचौघांत बोलू नकोस. बाईंनी मुद्दाम जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. निळा तंतू म्हणाल्या तेव्हा मी विचारलं, निळा? मला करडा वाटला होता. त्यावर त्यांनी तो तंतू माझ्या तळहातावर ठेवला आणि पुढचं हळू आवाजात वाचलं. बाईंचा आवाज उतरला की मला जास्त भीती वाटते.

पिशवीचंही त्यांनी तेव्हाच सांगितलं. मी म्हटलं, तरीच त्या दिवशी बशी भरलेली राहिली.

तू लिफ्टचं काढलंस, म्हणून सांगतो. माझा शेवटचा दिवस होता तेव्हा आदल्याच आठवड्यात बटणांची नवी लिफ्ट बसली होती. मी सगळ्यांचा निरोप घेतला, घड्याळ काखेत मारलं आणि खाली जरा उभा राहिलो. लोक आले, त्यांनीच बटण दाबलं, लिफ्ट माझ्याशिवाय वर गेली. आत कोणी अडकलं नाही. मला वाटत होतं निदान एकदा तरी अडकेल. फार वाईट वाटलं. पण पुढच्या महिन्यात गुडघ्यांची सूज उतरली, हेही खरं.

तर देतो त्याला सुटी. उजव्याला. डाव्याचं मी काही बोललेलो नाही.

एकच अट. काढलेलं भिंग मी त्यांना टाकू देणार नाही. जॅमची बरणी घासून, उन्हात वाळवून ठेवली आहे. त्यात घालून तुला पाठवतो. ब्रशच्या तंतूपेक्षा तुला त्याचा उपयोग होईल.

तारीख सांगत नाही. तू काळजी करत बसशील, आणि काळजी करायला या घरात मी आहे.

आजोबा


२ एप्रिल

चि. भिंगरी,

हे पत्र मी सांगतो आहे आणि शिलाईवाल्या बाई लिहीत आहेत. मला वाकून लिहायला बंदी आहे. (बंदी डॉक्टरांनी केली आहे, मी नाही. मावशी.)

झालं. सगळं झालं. उजवा डोळा. मी बरणी घेऊन टेबलावर झोपलो. नर्स म्हणाली, आजोबा, हे काय? मी म्हटलं, भिंग यात द्या, नातीला पाठवायचं आहे, ती आकार शोधते. डॉक्टर हसले. म्हणाले, ते काही मोत्यासारखं अख्खं बाहेर येत नाही, आत बारीक चुरा करून नळीनं ओढून घेतात. मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. (मी सांगितलं होतं. हे बरणी घासत होते.) तेव्हा तुझ्यासाठी काही उरलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. शिंक आली नाही. येईल या भीतीनंच आली नसावी.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. भिंगरी, हा फौजदार पांढरा आहे! मी किती वर्षं सांगतोय की आपला बोका पिवळसर आहे, आणि बाई म्हणायच्या पांढरा, आणि त्यावरून आम्ही एकदा आठवडाभर बोलत नव्हतो. (दोन आठवडे.) तो पांढराशुभ्र आहे. आकाशही निळं निघालं. बाईंच्या चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या असतील असं मला वाटलं नव्हतं. (हे वाक्य मी लिहिणार नव्हते, पण खरं लिहायचं ठरलं आहे ना आपलं.)

मग न्हाणीघरातल्या आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझी आत्या म्हणायची की याच्या भुवया थेट आईच्या आहेत. मी लहानपणी ऐकून विसरलो होतो. आता दिसल्या. जाड, मधोमध जवळ आलेल्या. म्हणजे तिचं काहीतरी आहे, आणि ते चुऱ्यात गेलेलं नाही. त्यातला एक केस तुझ्याकडे आहे. तो जपून ठेव.

(ते आता नाक पुसत आहेत. डोळे पुसायचे नाहीत असं बजावलं आहे. इथेच थांबते.)

आजोबा, बाईंच्या हस्ते


९ एप्रिल

चि. भिंगरी हिला पूर्ण आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहितो आहे. अक्षर बघ.

आज सकाळी फौजदार खिडकीत बसून अंग चाटत होता. तो उठून गेला तेव्हा माझ्या निळ्या सदऱ्याच्या बाहीवर काहीतरी चमकलं. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला इतका बारीक की तो कुठे संपतो ते कळत नाही. पांढरा, ताठ, जरासा वाकवला की परत सरळ होणारा.

एकच आहे. कागदावर चिकटपट्टीनं जाड टोकाकडून लावला आहे, बारीक टोकाला हात लावलेला नाही. धुतला नाही, उकळला नाही. बाईंना दाखवला नाही. कुणालाच विचारलं नाही. माझा मी पाहिला आणि माझा मी पाठवतो आहे.

तुझी पाळी गाठायला हवी म्हणून टपाल कचेरीत स्वतः गेलो. रस्ता दोन्हीकडे बघून ओलांडला. त्या सायकलवाल्याची माफीही मागितली. तो वेगळाच सायकलवाला निघाला, पण त्यानं माफ केलं.

तुझा आजोबा


३ मे

प्रिय आजोबा,

मिशी खरी होती. लिफाफा उघडल्याबरोबर मॅडम शिंकल्या, मला तपासायचीसुद्धा गरज पडली नाही.

काटेरी गोळ्याला त्या केसाचं टोक लावलं आणि नव्या थेंबातून एकच रेघ ओढली. काही दिवसांनी पाहिलं तर त्या रेघेवर, अगदी रेघेवरच, माळेसारखे स्फटिक बसले होते. चपटे, धारदार कडांचे, काचेसारखे. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक आग विझवायचं नळकांडं घेऊन आले.

मग मोठं यंत्र. एक मैदान मावेल एवढी गोल इमारत, आणि तिच्या एका टोकाला आमचा चिमुकला स्फटिक, थंडगार वाफेत धरलेला. स्वेटर घातला होता. किरण सोडले आणि पडद्यावर ठिपके उमटले, कडेपर्यंत. मॅडमनी माझ्या पाठीत धपाटा घातला, म्हणजे चांगलं झालं.

आकार आता दिसतो आहे. दोन मुठी एकमेकींना बिलगून बसाव्यात तसं ते प्रथिन आहे. बदल फार मोठा असेल असं आम्हाला वाटत होतं. तसा तो नाहीच, मुठी अगदी होत्या तशाच आहेत. फक्त बाहेरच्या बाजूला एका जागी हुकासारखा एक छोटासा आकडा आला आहे आणि तो शेजारच्याला धरून ठेवतो. बस, एवढंच. एवढ्यासाठी मुलांच्या डोळ्यांपुढे पडदा येतो. औषध अजून लांब आहे, पण तो आकडा सोडवायचा कुठून हे आता शोधता येईल.

आमच्या लेखात कामाची पद्धत लिहावी लागते. मी लिहिलं, "मांजराच्या मिशीचा केस वापरला." कुणाच्या नजरेनं सापडला ते लिहायला मॅडमनी परवानगी दिली नाही. शेवटी आभार मानतात तिथे मात्र "आजोबा आणि फौजदार" असं राहू दिलं.

सोबत माझा एक फोटो आहे, मोठ्या यंत्रापुढचा. भुवईचा केस काचपट्टीत जपून ठेवला आहे.

तुमची भिंगरी


२० मे

चि. भिंगरी हिला अनेक आशीर्वाद.

पत्र स्वतः वाचलं, मग बाईंना वाचून दाखवलं, जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात. आभारात माझं नाव बोक्याच्या आधी आहे हे त्यांना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि पिशवीचं?" जाऊ दे.

डाव्या डोळ्याची तारीख घेतली आहे. स्वतः गेलो, स्वतः घेतली. डॉक्टरांनी तक्ता वाचायला सांगितला, खालपर्यंत वाचला. ते म्हणाले, "या वेळी बरणी आणू नका." मी म्हटलं, बरणी रिकामी नाही. खरंच नाही. फौजदाराच्या मिशीचे आणखी तीन केस त्यात जमले आहेत, झाकणावर तुझं नाव लिहिलं आहे. पुढच्या प्रथिनाला लागतील.

तुझा फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. भिंगरी, तू इतकी वाळलीस कधी? गळ्याची हाडं दिसताहेत, डोळ्यांखाली काळं आहे आणि स्वेटरचं तिसरं बटण तुटलं आहे. मागच्या वर्षीच्या फोटोत तू चांगली गुटगुटीत होतीस. तो फोटोही काढून आत्ता पाहिला, त्यातही तू अशीच आहेस. म्हणजे एवढी वर्षं तुला गुटगुटीत करत होता तो माझा मोतीबिंदू.

वेळेवर जेव. बटण बाई देताहेत, लिफाफ्यात आहे. लावल्यावर पुन्हा फोटो पाठव. मी बघणार आहे.

तुझा आजोबा